जिगर, जमीन आणि पाणी: मायुगेतल्या एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, नाशिक

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सेवा-प्रकल्पाचं ठिकाण पक्कं झालं. पूर्व युगांडातला बुसोगा प्रदेश, मायुगे जिल्हा, तिथल्या मंडळीने चालवलेली एक प्राथमिक शाळा. शाळेचं आणि मुलांचं नाव या नोंदींत कुठेही येणार नाही. मुक्काम १० ते २३ जानेवारी. नऊ जण जातील: एक नर्स, एक स्थापत्य पदविकाधारक, एक प्लंबर, तीन शिक्षिका, संडे स्कूल चालवणारे दोघे आणि हिशेब पाहणारे एक. डॉक्टर मुद्दामच नेलेला नाही. परदेशी डॉक्टरला युगांडात उपचार करायचे तर तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. उपचार तिथल्या आरोग्य केंद्राचे लोक करतील. पाणी, साबण, औषध आणि जास्तीचे हात आपण पुरवायचे.

शाळेकडून आलेल्या पहिल्या यादीत बायबल, फुटबॉल आणि भिंतींचा रंग होता. त्यानंतर गावच्या आरोग्य स्वयंसेविकेशी फोन झाला, तेव्हा कळलं की पहिली-दुसरीतली बरीच मुलं टाचा टेकत नाहीत. कारण जिगर. आपल्या 'जिगर' शब्दाशी याचा काही संबंध नाही. ही वाळूतली पिसू, लुगांडात एन्वुन्झा, स्वाहिलीत फुंझा. लांबी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. मादी पायाच्या कातडीत शिरते, रक्त पिऊन दोनेक आठवड्यांत वाटाण्याएवढी फुगते, मागच्या बाजूचं छिद्र उघडं ठेवून अंडी बाहेर टाकते आणि चार ते सहा आठवड्यांत तिथेच मरते. अंडी जमिनीवर पडतात. अळ्या कोरड्या धुळीत, दोन ते पाच सेंटिमीटर खोलीवर वाढतात, आणि साधारण तीन आठवड्यांनी नवी पिसू तयार होते.

म्हणजे दुखतं पायात, पण रोग असतो जमिनीत. पाय साफ करून मूल पुन्हा त्याच धुळीत बसवलं तर महिन्याभरात पाय पहिल्यासारखेच होणार. म्हणून कामाचा क्रम ठरला: दोन वर्गांना कोबा, पावसाच्या पाण्याची टाकी, पाय तपासणी. रंग आणि फुटबॉल नंतर बघू.

ही पिसू मूळची दक्षिण अमेरिकेची. १८७२ मध्ये 'थॉमस मिचेल' नावाचं जहाज ब्राझीलहून अंगोलाच्या अम्ब्रीझ बंदरात आलं, त्याच्या नीरमाच्या, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेल्या, वाळूतून ती आफ्रिकेत उतरली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तांड्यांच्या वाटांनी पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचली. महाराष्ट्रातल्या एका रुग्णाची नोंदही १९८५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांना हा रोग सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून परतल्यावर कुणाच्या अंगठ्याजवळ पांढरा ठिपका दिसला तर हे नाव डॉक्टरला आपणच सांगायचं.

९ डिसेंबर, नाशिक

कागदपत्रं. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यायची. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर टाकायची नाही. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. युगांडात शिरताना तो लागतोच, आणि परतताना मुंबईला दाखवता आला नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, ते आजच पाहिलं. दोघांचं जुळत नव्हतं.

मलेरियाची गोळी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला विचारून ठरवायची. डॉक्सिसायक्लीन घेणाऱ्यांनी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे रोज घ्यायची. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. 'घरी आलो, आता कशाला' म्हणून गोळी सोडली जाते, आणि ताप नेमका तेव्हाच येतो.

डॉलर नव्या छपाईचे, कोरे, बिनघडीचे. जुन्या नोटा आणि छोट्या रकमेच्या नोटा तिथे कमी भावात घेतात किंवा घेतच नाहीत.

औषध: दोन प्रकारच्या डायमेथिकोनचं मिश्रण, ५० मिलीच्या १२ बाटल्या. हे पातळ सिलिकॉन तेल पिसवेच्या श्वासाच्या छिद्रात शिरतं आणि ती आतल्या आत गुदमरते. विषारी नाही, कापावं लागत नाही. केनियात झालेल्या चाचणीत एका पायाला हे तेल आणि दुसऱ्याला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी लावलं होतं. सात दिवसांनी तेलाने ७८ टक्के पिसवा निकामी झालेल्या दिसल्या, परमँगनेटने ३९ टक्के. गावोगाव अजून परमँगनेटच चालतं, कारण ते स्वस्त आहे आणि दुकानात मिळतं. औषधाची यादी, बिल, मुदतीची तारीख आणि आरोग्य केंद्राचं पत्र एका पाकिटात. औषध आत नेण्याबद्दल तिथल्या औषध प्राधिकरणाकडे पत्र आधीच गेलं आहे.

सोबत आणखी: दहापट दिसणारी चार भिंगं, डोक्याला लावायचे तीन दिवे, नखं कापायची दहा कटर, हातमोजे. जुने कपडे आणि खेळणी न्यायची नाहीत. बुटांचे पैसे न्यायचे, बूट नव्हे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार, जिंजा

मुंबईहून एंटेबेपर्यंत थेट विमान आहे. घड्याळ अडीच तास मागे. एंटेबे ते जिंजा नकाशावर १२० किलोमीटरच्या आसपास दिसतं, पण मध्ये कंपाला आहे, त्यामुळे अख्खी दुपार धरून ठेवायची. कंपाला सुटल्यावर माबिराचं जंगल, मग नाईल नदीवरचा २०१८ चा पूल, आणि पुढे ऊसच ऊस.

रस्त्यावरच्या तांबड्या मातीला इथले लोक 'मुरम' म्हणतात. आपलाच मुरूम, ब्रिटिश अमलात समुद्र ओलांडून आलेला. दुकानाला 'दुका', गवंड्याला 'फुंडी'. साहित्य विकत घेताना या तीन शब्दांवर बरंच काम भागतं.

११ जानेवारी, शनिवार

मोजमापं. दोन्ही वर्ग ७ बाय ६ मीटर, म्हणजे प्रत्येकी ४२ चौरस मीटर. भिंती विटांच्या, पत्रा बरा. जमीन मातीची, बाकांखाली पाय घासून घासून नऊ सेंटिमीटरपर्यंत खड्डे पडलेले. त्या खड्ड्यांतली धूळ चिमटीत घेतली तर पिठासारखी लागते. पिसवेला हीच जागा मानवते. दारांना चौकटी आहेत, दारं नाहीत. सुट्टीत रात्री गावची कुत्री आणि एक डुकरीण आत झोपतात, हे विष्ठेवरून दिसलं. डुक्कर आणि कुत्रा हे या पिसवेचे मोठे आश्रयदाते आहेत. आपल्या आराखड्यात दार नव्हतं. आज घातलं.

कोब्याचा हिशेब एका वर्गासाठी असा. खाली मुरूम, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर ५० मिमी काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), त्यावर २५ मिमी मॉर्टर १:४ (सिमेंट, वाळू).

काँक्रीट: ४२ × ०.०५ = २.१ घनमीटर. कोरड्या मालासाठी १.५४ ने गुणलं तर ३.२३. त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे ०.४६ घनमीटर, ६६५ किलो, साडेतेरा गोण्या.
मॉर्टर: ४२ × ०.०२५ = १.०५ घनमीटर, कोरडं १.४. पाचवा भाग सिमेंट, ४०३ किलो, आठ गोण्या.
नासधूस धरून एका वर्गाला २४, दोन्हींना ४८. घेतल्या ५०. वाळू ५ घनमीटर, खडी ४ घनमीटर.

वाळूची परीक्षा बरणीत केली. अर्ध्या उंचीपर्यंत वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवायची. खाली वाळू बसते, वर गाळाचा थर दिसतो. पहिल्या ढिगात गाळ चौदा टक्के निघाला. आठच्या वर असेल तर कोबा भुसभुशीत होतो आणि वर्षभरात पुन्हा धूळ सुटते, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. ढीग परत केला. विक्रेत्याने वाहतुकीचे पैसे परत दिले नाहीत. दुसरी वाळू आणली, त्यात पाच टक्के.

पाण्याचा हिशेब कुणी केलाच नव्हता. हातपंप ६०० मीटरवर. काँक्रीटच्या दिवशी कालवायला साडेसहाशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे तेहेतीस जेरीकॅन, आणि पुढे कोब्यावर मारायला रोज पंचवीस. एवढं पाणी शाळेने ओढलं तर गावच्या बायकांची रांग लांबते. पंपाच्या समितीशी बोलून आपली वेळ दुपारी एक ते तीन अशी ठरवली. तेव्हा पंपावर कुणी नसतं.

१२ जानेवारी, रविवार

उपासना लुसोगा या इथल्या भाषेत, अडीच तास. आपल्या पाळकसाहेबांनी लिहून दिलेला निरोप वाक्यावाक्याला थांबून वाचला. दुभाष्याला लांब वाक्य दिलं की तो त्यातलं अर्धंच सांगतो.

एक संबंध इथे नोंदवून ठेवतो, कारण नाशिकच्या मंडळीतही तो फारसा कुणाला ठाऊक नाही. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या शरणपूरमध्ये शिकवलं. १८७५ च्या सुमारास त्यांतले अनेक जण मोंबासाजवळच्या फ्रीअर टाऊनला गेले. शरणपूरला शिकलेल्यांपैकीच विल्यम हेन्री जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर याच बुसोगाच्या वाटेवर होते. ऑक्टोबरमध्ये हॅनिंग्टन यांना बुसोगात मारलं गेलं, आणि मागे थांबलेला तांडा जोन्स यांनी किनाऱ्यावर परत नेला. नाशिकमध्ये शिकलेला माणूस एकशे चाळीस वर्षांपूर्वी या वाटेवर सेवेसाठी आला होता, हे आज इथल्या ले रीडरना (पाळक नसूनही उपासना चालवणाऱ्या सेवकांना) सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मुलांबरोबरचे नियम सगळ्यांनी वाचून सह्या केल्या. कोणत्याही मुलाजवळ एकटं मोठं माणूस नको, दोघं हवीत. चेहरा दिसेल असा फोटो नाही, पायांचा तर मुळीच नाही. हातात गोळ्या-चॉकलेट किंवा पैसे नाहीत. मुक्कामाच्या जागी मुलांना आणायचं नाही. आईवडिलांची संमती शाळेच्या वहीत, त्यांच्या भाषेत.

१३ जानेवारी, सोमवार

दहा सेंटिमीटर माती खरवडून काढली. ही माती नुसती शाळेमागे टाकली तर अळ्या तिथे वाढत राहतात. म्हणून मीटरभर खोल खड्ड्यात पुरली आणि वर ठोकलेली चिकणमाती घातली. खोदणाऱ्या सगळ्यांना गमबूट.

मुरूम दोन थरांत, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकला. टाच दाबली तर खळगा पडता कामा नये. वर्ग एकच्या दक्षिण कोपऱ्यात पडत होता, तिथे खाली जुन्या वाळवीचं वारूळ निघालं. ते पोकळीपर्यंत खणून पुन्हा भरलं.

गवंडी सहा आणि मजूर आठ, सगळे याच गावातले. आपल्या लोकांनी थापी हातात घ्यायची नाही, हे आधीपासून ठरलेलं. पाणी आणणं, चाळणं, मोजणं एवढंच आपलं. मजुरी इथल्या घरांत जावी, आणि कोबा कसा केला हे इथल्या चौदा माणसांना माहीत असावं, यासाठी. मजुरी रोज संध्याकाळी मोबाईल मनीवर, वहीत अंगठा किंवा सही.

१४ जानेवारी, मंगळवार. पाय तपासणी

आरोग्य केंद्राच्या दोन परिचारिका, गावच्या दोन आरोग्य स्वयंसेविका, आपली नर्स आणि चार मदतनीस. जागा आंब्याखाली, पण तिन्ही बाजूंनी चटया बांधून. जिगर झालेल्या मुलाला इथे घाणेरडं म्हणतात, मुलं पाय मातीत लपवतात. म्हणून तपासणी सगळ्याच मुलांची, दुखणाऱ्यांची वेगळी रांग नाही.

क्रम असा बसला:

१. नाव, इयत्ता, धनुर्वाताची लस. अंगावर फोड किंवा ताप असेल तर मूल सरळ आरोग्य केंद्राकडे. गेल्या ऑगस्टपासून देशात एमपॉक्स (मंकीपॉक्स) आहे.
२. पाय धुणं. मुलामागे दोन लिटर पाणी, साबण, मऊ ब्रश. मग कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसणं. ओल्या कातडीवर तेल पसरत नाही.
३. भिंगाने पाहणी. नखांच्या कडा, बोटांची टोकं, टाच, तळव्याची कड. हातांची बोटंही.
४. लाल ठिपका, किंवा पांढऱ्या चकतीत मधोमध काळा ठिपका: पिसू जिवंत, तेल लावायचं. काळी खपली: मेलेली, तिला हात लावायचा नाही, आपोआप गळते.
५. तेल दहा मिनिटांत तीन वेळा, थेट छिद्रावर. मग मूल पंधरा मिनिटं चटईवर.
६. पू असेल तर परिचारिका ठरवतील.

घरी पिसू सेफ्टी पिनेने किंवा काट्याने उकरून काढतात, आणि तीच पीन पुढच्या भावंडाला. एचआयव्ही आणि कावीळ ब या वाटेने जाऊ शकतात. पिसू अर्धवट तुटली तर जखम चिघळते, धनुर्वाताचा धोका वेगळाच. परिचारिकांनी पालकांना हेच सगळ्यात जास्त वेळ समजावलं.

घमेली सहा. प्रत्येक मुलानंतर ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं. दुकानातलं 'जिक' नावाचं ब्लीच साडेतीन टक्क्यांचं मिळतं, म्हणून एक भाग जिकला सहा भाग पाणी. सहा घमेल्यांना हा वेळ पुरला नाही, रांग अडकली. दहा हवी होती.

तपासली ८४ मुलं. जिवंत पिसू ३३ जणांत, फक्त मेलेल्या ९ जणांत. औषध अंदाजापेक्षा कमी लागलं, दोन बाटल्याही पुऱ्या संपल्या नाहीत, कारण आख्खा पाय न भिजवता छिद्रावरच थेंब सोडले.

सात वर्षांच्या एका मुलीच्या डाव्या टाचेवर एकाला एक लागून अठरा चकत्या होत्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. परिचारिका लुसोगात तिच्याशी बोलत बोलत एकेका छिद्रावर थेंब सोडत होती. वीस मिनिटं लागली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातलं, येशूने शिष्यांचे पाय धुणं आम्ही दर वर्षी वाचतो. त्याचा इथे कार्यक्रम करायचा नाही, कॅमेऱ्यासमोर तर नाहीच, यावर सगळे ठाम आहेत. इथे पाय धुवायचे ते स्वच्छ व्हावेत म्हणून.

१५ जानेवारी, बुधवार

दोन्ही वर्गांचे प्रत्येकी सहा चौकोन पाडले, साधारण २.३ बाय ३ मीटर. आज एकाआड एक तीन-तीन भरले, उरलेले उद्या. अख्खी जमीन एकदम ओतली तर आकसताना तडा हवा तिथे जातो, आणि तड्यात धूळ, धुळीत पिसू.

काँक्रीट हिरवं, म्हणजे अजून कच्चं असतानाच, तीन तासांच्या आत, वरचा मॉर्टरचा थर द्यायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. दुसऱ्या दिवशी दिला तर पापुद्रा सुटतो. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढला, कारण काटकोनातली धूळ केरसुणीला निघत नाही.

पहिल्या दोन घाण्यांत मजुरांनी पाणी जास्त ओतलं. माल सैल असला की फावड्याला हलका लागतो, हे कुठल्याही देशात सारखंच. मुठीत दाबून गोळा टिकतो का, हे मुकादमाने दाखवलं, आणि तिसऱ्या घाण्यापासून पाणी मापाच्या डब्यानेच. पहिल्या घाण्यांचा चौकोन वर्ग दोनमध्ये दाराजवळ आहे. पुढे धूळ सुटली तर तिथूनच सुटेल, लक्ष ठेवायचं.

सकाळी अकरानंतर विषुववृत्ताचं ऊन. ओला कोबा तासाभरात वरून पांढरा पडू लागतो. खिडक्यांना गोणपाट, आणि थापीचं काम संपल्याबरोबर वर केळीची पानं. पान थंड असतं, चिकटत नाही, इथे फुकट मिळतं. त्यावर ओली वाळू टाकायची गरज पडली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रात्री कुत्रा फिरला. वर्ग एकच्या दोन चौकोनांत बोटभर खोल पंजे. दाराच्या जागी उभी केलेली फळी त्याने ढकलली होती. पंजे सकाळीच घासून, सिमेंटचा नीरू देऊन भरले, तरी रंगात फरक दिसतो. सुताराकडून आजच्या आज दोन दारं ठोकून घेतली, खाली फट एका बोटापेक्षा कमी. आता रात्री राखणीला माणूस.

उरलेले सहाही चौकोन संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण. सिमेंट ४९ गोण्या गेलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मुलांचा दुपारचा कार्यक्रम सोमवारपासून रोज तीन ते साडेचार. गाणी, एक गोष्ट, हात धुण्याचा खेळ, शेवटी मक्याची पेज. साठ मुलं धरली होती, पहिल्याच दिवशी एकशे ऐंशी आली. शाळेत न जाणारी आणि पाठीवर तान्हं भावंडं घेतलेल्या मुलीही. तीन गट केले, तिघी स्थानिक शिक्षिका पुढे, आपल्या शिक्षिका मागे. पेजेचं प्रमाण आता असं: सहा किलो पीठ, तीन किलो साखर, ५५ लिटर पाणी, म्हणजे १८० मुलांना ३०० मिलीचा एकेक मग. पालक समितीच्या बायका शिजवतात. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि तळ लागतो.

बुटांसाठी मुलांची पावलं कागदावर उमटवून घेतली. लांबीत दीड सेंटिमीटर वाढ धरायची. वयावरून माप काढलं असतं तर निम्मे बूट चुकले असते. खरेदी जिंजाच्या बाजारात, बंद काळे शाळेचे बूट, पहिली ते तिसरीच्या सगळ्या मुलांना, पहिल्या दिवशी शाळेच्या हातून. फक्त जिगरवाल्यांना दिले असते तर बूट हीच रोगाची खूण झाली असती. बुटांवरच भिस्त ठेवायची नाही, घरी आल्यावर मूल ते काढणारच. बऱ्याच घरांत बूट रविवारसाठी जपून ठेवले जातात.

१८ जानेवारी, शनिवार. पाणी

टाकी ५,००० लिटरची, प्लास्टिकची. भरल्यावर पाच टन. म्हणून चौथरा दगडी, वर १० सेंटिमीटर काँक्रीट, टाकीच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा. नळ जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, खाली जेरीकॅन बसेल इतका.

पत्र्याची एक बाजू १४ बाय ३.५ मीटर, ४९ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पावसात ०.८ ने गुणून ३९० लिटर येतील. म्हणजे तेरा असे पाऊस पडले की टाकी भरते. मोठा पाऊस मार्च ते मे, दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर. पन्हळीला मीटरला पाच मिमी उतार, १४ मीटरला सात सेंटिमीटर, पाण्याच्या नळीने लेव्हल काढून.

पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची घाण घेऊन येतं. अर्धा मिलिमीटर टाकून द्यायचा तर पंचवीस लिटर. ११० मिमीचा तीन मीटर उभा पाईप, खाली टोपण, टोपणाला बारीक छिद्र. पाईप भरला की स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं, आणि दोन दिवसांत पाईप आपोआप रिकामा होतो. छिद्र बुजलं की सगळी व्यवस्था बंद पडते. दर शनिवारी टोपण काढून धुवायचं, हे काम सहावीच्या वर्गाकडे. झाकण आणि ओव्हरफ्लो दोन्हींना डासांची जाळी.

पन्हळीचे हुक ज्या फळीला ठोकायचे ती वाळवीने पोखरलेली निघाली. स्क्रू बोटाने आत जात होता. नवी फळी, जळक्या तेलाचे दोन हात, हुक ६० सेंटिमीटरवर एक. यात एक दिवस गेला.

२१ जानेवारी, मंगळवार. सात दिवसांनी पाहणी

३३ पैकी २९ मुलं आली. २४ जणांच्या सगळ्या पिसवा मेलेल्या: चकती तपकिरी, कोरडी, दाबली तर अंडी निघत नाहीत. पाच जणांत काही जिवंत, त्यांना पुन्हा तेल. सहा मुलांच्या पायांवर नवे लाल ठिपके, म्हणजे या आठवड्यात घरी लागलेल्या. टाचेवर अठरा चकत्या असलेली मुलगी टाच टेकवून चालत आली.

न आलेल्या चौघांकडे स्वयंसेविका जातील. दोघं आजीजवळ राहतात, घराला शेणाने सारवलेली जमीन आहे. आपल्यासारखंच सारवण इथेही चालतं. ते ताजं आणि अखंड असेल तर धूळ दबलेली राहते, पण भेगा पडल्या की त्या भेगांतच अळ्या. आजीच्या गुडघ्यांना आता वाकवत नाही, सारवण होतं कधीमधी. शाळेच्या पालक समितीने अशी आठ घरं काढली आहेत. महिन्यातून एकदा वरच्या वर्गातली मुलं चिकणमाती आणि शेण घेऊन जातील. शाळेच्या कोब्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, आणि याला आपली गरज नाही.

२२ जानेवारी, बुधवार. सुपूर्द

उरलेलं औषध (नऊ बाटल्या) आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत. भिंगं दोन तिथे, दोन शाळेत. दारांच्या किल्ल्या मुख्याध्यापिकेकडे आणि ले रीडरकडे. कोब्यावर पाणी २४ तारखेपर्यंत, बाक ३० नंतरच आत. झाडताना आधी पाण्याचा हबका, मग केरसुणी, शनिवारी ओलं पुसणं. हे सगळं लुसोगात लिहून भिंतीवर.

३१ जानेवारी, नाशिक

काल युगांडा सरकारने कंपालात इबोलाची साथ जाहीर केली, सुदान विषाणूची. आपण निघून आठवडा झाला, कंपालातल्या कुठल्याही रुग्णालयात कुणी गेलेलं नव्हतं. तरी नऊही जणांनी २१ दिवस रोज ताप पाहायचा आणि वहीत लिहायचा. ताप आला तर मलेरिया आणि हा प्रवास, दोन्ही डॉक्टरला आधी सांगायचं. एप्रिलमध्ये दोघांनी जायचं ठरलं होतं, ते थांबवलं. शाळा टाकीचा नळ हात धुण्यासाठी लगेच वापरायचा म्हणते. टाकी अजून कोरडी आहे, तर पंपाचं पाणी भरून चालू करा असं कळवलं. साबणाचे पैसे पाठवले.

११ फेब्रुवारी

शाळा सुरू झाली. मुख्याध्यापिकेकडून कळलं: बूट १४६ वाटले, सात मापं चुकली, दुकानाने बदलून दिली. वर्ग दोनमध्ये दाराजवळच्या चौकोनातून धूळ सुटते आहे, तोच पहिल्या घाण्यांचा. तेवढाच भाग टाचून, धुवून, सिमेंटचं पातळ पाणी ओतून नवा थर द्यायला सांगितलं. काम आपल्या मुकादमानेच केलं, दोन गोण्यांत.

२४ मार्च

पहिला मोठा पाऊस. टाकी एक तृतीयांश भरली. पहिल्या पाण्याचा पाईप चालला, पण छिद्र पानाच्या देठाने बुजलं होतं, सहावीच्या मुलांनी काढलं. ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीच्या पायाकडे जाईल असं दिसतं, शोषखड्डा दीड मीटर लांब सरकवायचा. फेब्रुवारीच्या तपासणीत पहिली-दुसरीतल्या ७१ मुलांपैकी जिवंत पिसू ११ जणांत, त्यातली नऊ त्या आठ घरांतली. स्वयंसेविकांना आणखी सहा बाटल्या लागतील.